वालाचं रोप शेप ट्वीनने वाढवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचवीच्या वर्गासाठी वालाची बी रुजून तिचं रोप होतानाची आठ सेकंदांची फीत ॲडोबी ॲनिमेटमध्ये करायची आहे. पहिल्या फ्रेमवर तुम्ही बी काढलीत, १९२व्या फ्रेमवर दोन पानांचं रोप काढलंत आणि मध्ये शेप ट्वीन, म्हणजे एका आकारातून दुसऱ्यात जाणाऱ्या मधल्या फ्रेम आपोआप बनवणारी सोय, लावलात. आता मधल्या फ्रेममध्ये बी वितळल्यासारखी पसरते, खोड स्वतःवरच दुमडतं, पानं आक्रसतात, मधूनच चिरतात, आतली बाहेर होतात आणि शेवटच्या दोन-चार फ्रेममध्ये एकदम रोप उभं राहतं. शेप हिंट, म्हणजे कुठला बिंदू कुठे जावा हे सांगणाऱ्या खुणा, लावल्यावर तर आणखीच बिघडलं. हे ट्वीनने जमेल, की सगळं फ्रेम बाय फ्रेम काढावं लागेल, असं तुम्ही विचारलं आहे.

ट्वीनने जमतं, आणि चांगलं जमतं. हे सॉफ्टवेअर मॅक्रोमीडियाचं फ्लॅश होतं तेव्हापासून मी शाळेसाठी आणि शेतीविषयक फितींसाठी रोपं वाढवत आलो आहे. २०१६ मध्ये त्याचं नाव ॲनिमेट झालं, पण शेप ट्वीनचा स्वभाव तोच राहिला. तुमची अडचण हिंटची नाही. एका ट्वीनकडून तुम्ही फार मोठं काम मागितलंत, तिथे अडलं आहे.

आधी हा ट्वीन आत काय करतो ते पाहू. एकदा ते डोळ्यांसमोर आलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. तुम्ही काढलेला प्रत्येक आकार म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ किंवा वक्र रेषा. शेप ट्वीन पहिल्या आकारातल्या प्रत्येक बिंदूची शेवटच्या आकारातल्या एकेका बिंदूशी जोडी लावतो आणि तो बिंदू सरळ रेषेत तिकडे सरकवतो. याहून जास्त काही नाही. हे पान आहे, हे खोड आहे, पान देठापाशी धरलेलं आहे, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. तुमच्या बीच्या कडेवर असतील सात-आठ बिंदू आणि रोपाच्या कडेवर पन्नासेक. जोड्या कशा लावायच्या हा त्याचा अंदाज, आणि तो चुकला की तुम्हाला दिसला तो चिखल होतो.

'सरळ रेषेत' हे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण निम्मी दुखणी तिथूनच येतात. घड्याळाचा काटा घ्या. बारावरून तीनवर जाताना त्याचं टोक गोलाईत फिरतं. शेप ट्वीनमध्ये ते टोक बारापासून तीनपर्यंत आडवं कापून जातं, त्यामुळे अर्ध्या वाटेत काटा आखूड होतो: मूळ लांबीच्या ७१ टक्के. बाराचा काटा चारवर न्यायचा म्हटलं तर मध्ये तो निम्मा उरतो. बारावरून सहावर न्यायचा म्हटलं तर मधल्या फ्रेमला काटा नाहीसाच होतो, कारण टोक थेट मधल्या खिळ्यावरून जातं. तुमचं पान खोडाला चिकटलेल्या अवस्थेतून बाहेर उघडताना मध्येच का आक्रसतं, त्याचं उत्तर या काट्यात आहे. साठ अंशांपर्यंत फिरवलं तर मध्ये ८७ टक्के लांबी राहते, आणि तेसुद्धा डोळ्याला खुपतं. तीस-चाळीस अंशांपर्यंतचा फरक खपून जातो. म्हणून मी ठरवून टाकलं आहे: आकार बदलायचा तो शेप ट्वीनने, आणि फिरवायचं ते सिम्बॉल (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरता येणारं चित्र) करून क्लासिक ट्वीनने, जो चित्र नुसतं हलवतो, फिरवतो किंवा लहानमोठं करतो. ही दोन कामं एकाच ट्वीनला द्यायची नाहीत.

दुसरं दुखणं वनस्पतीच्या बाजूचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ट्वीन रोपाला सगळीकडून सारखं ताणतो. खरं रोप तसं वाढत नाही. ते शेंड्याकडून वाढतं. खालचं जून झालेलं खोड लांबायचं थांबतं, फक्त जाड होतं. झाडाच्या बुंध्यात छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा दहा वर्षांनीही त्याच उंचीवर सापडतो. लहान रोपटं एका की-फ्रेमवर, म्हणजे आपण स्वतः चित्र ठेवतो त्या फ्रेमवर, ठेवून शेवटी तेच मोठं केलं, की पानं खोडासकट वर वर सरकत जातात आणि रोपाचा फुगा फुगवल्यासारखं दिसतं. मुलांना कारण सांगता येत नाही, पण हे खोटं आहे हे त्यांना कळतं. ज्या मुलाने डब्याच्या झाकणात मेथी उगवून पाहिली आहे, त्याला तर लगेच कळतं.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी वाल भिजत घाला. तुमच्याकडे बिरड्यासाठी वाल भिजवून मोड आणत असतील, तर निम्मं काम घरातच झालं आहे. मोड म्हणून जे पांढरं टोक बाहेर येतं ते आदिमूळ असतं, म्हणजे मूळ आधी येतं. कितीतरी फितींमध्ये बीमधून पहिल्यांदा हिरवा कोंब वर येताना दाखवतात, ते चूक आहे. मग ती मोडाची बी काचेच्या पेल्यात, काच आणि ओल्या टीपकागदाच्या मध्ये अडकवून ठेवा. फोन स्टँडवर लावून दर वीस मिनिटांनी एक फोटो घ्या. पाच दिवसांत ३६० फोटो होतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने पंधरा सेकंद. तुमच्या आठ सेकंदांसाठी यापेक्षा चांगला संदर्भ कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

आपल्याकडे ही वाट फार जुनी आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर एकेक चौकट टिपत मिनिटभराची 'अंकुराची वाढ' तयार केली. ती दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. भारतीय चित्रपटाच्या उंबरठ्यावर एका वेलाचा कोंब आहे, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगतो.

फोटो सलग पाहिलेत की वालाबद्दल काही गोष्टी दिसतील. आदिमूळ खाली जातं. मग बीच्या खालचं कोवळं खोड उलट्या यूसारखी कमान करून माती ढकलत वर येतं. डोकं वर काढून सरळ येत नाही, पाठ वर काढून येतं, म्हणजे कोवळा शेंडा घासला जात नाही. कमान मातीबाहेर आली की उजेडात सरळ होऊ लागते आणि बी स्वतःबरोबर वर ओढून आणते. त्या वेळी बीवर बऱ्याचदा टरफल टोपीसारखं बसलेलं असतं. ते गळतं, मग दोन बीजपत्रं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या डाळिंब्याच, फाकतात. त्यांच्यामधून पहिली दोन खरी पानं येतात. ही दोन पानं साधी आणि समोरासमोर असतात. तीन पर्णिकांचं, म्हणजे तीन छोट्या पानांचं मिळून झालेलं पान, जे आपण वालाचं म्हणून ओळखतो, ते त्यानंतर येतं. तुमच्या शेवटच्या फ्रेममध्ये पहिलीच पानं तीन पर्णिकांची काढली असतील, तर ती बदला.

हा क्रम प्रत्येक कडधान्याला लागू नाही. घेवडा, मूग आणि वाल यांच्या डाळिंब्या वर येतात. हरभरा, वाटाणा आणि तूर यांच्या मातीतच राहतात, वर येतो तो थेट कोंब. सुरुवातीच्या काळात मी हरभऱ्याच्या रोपाला मातीवर दोन जाड डाळिंब्या काढून दिल्या होत्या. फीत तपासणाऱ्या शेतीच्या शिक्षकांनी ती परत पाठवली आणि बरोबर कागदात गुंडाळून रुजलेला हरभरा पाठवला. त्या दिवसापासून बी समोर असल्याशिवाय मी पहिली रेघ मारत नाही.

आता कामाकडे. रोपाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा लेयर, म्हणजे थर, द्या: माती, मूळ, खोड, टरफल, डावी डाळिंबी, उजवी डाळिंबी, दोन पानं. दोन्ही डाळिंब्या पूर्ण वाढलेल्या रूपातच काढा आणि त्यांचे सिम्बॉल करून ठेवा. त्यांचा आकार फारसा बदलत नाही, त्या फक्त उचलल्या जातात आणि उघडतात, म्हणजे त्यांना शेप ट्वीनची गरजच नाही. तुमच्या आठ सेकंदांत शेप ट्वीन खरोखर लागतो तो मूळ, खोड आणि पानं यांना. बाकीचं सगळं क्लासिक ट्वीनवर निभतं.

पान कसं बनवतो ते बारकाईने सांगतो, कारण ते जमलं की बाकीचं त्याच वळणाने जातं. नवा ग्राफिक सिम्बॉल उघडा. त्यात तीसाव्या फ्रेमवर ब्लँक की-फ्रेम घ्या, म्हणजे एफ७, आणि आधी पूर्ण उमललेलं पान काढा. वाढ दाखवायची असेल तर काम शेवटापासून सुरू करायचं. लाइन टूलने देठापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ मारा, सिलेक्शन टूलने तिच्या मध्यावर धरून डावीकडे फुगवा. त्याच दोन टोकांमध्ये दुसरी रेघ मारून उजवीकडे फुगवा. मध्ये रंग ओता आणि बाहेरच्या दोन्ही रेघा खोडून टाका. तयार झालेल्या पानाला दोनच कोपरे आहेत, देठ आणि टोक. पेन्सिलने किंवा ब्रशने मोकळ्या हाताने काढलेल्या पानाला वीस-पंचवीस बिंदू पडतात आणि ट्वीन तिथेच गोंधळतो. देठाचा कोपरा सिम्बॉलच्या मधल्या अधिकच्या खुणेवर बरोबर बसवा.

आता ही की-फ्रेम कॉपी करून पहिल्या फ्रेमवर पेस्ट करा. दुसरं पान नव्याने काढू नका, हे फार महत्त्वाचं आहे. याच पानाच्या दोन्ही कडा सिलेक्शन टूलने आत ढकलून त्याची बारीक सळी करा आणि टोक देठाच्या जवळ आणा. दोन्हीकडे बिंदू तेवढेच, त्याच क्रमाने, म्हणून जोड्या आपोआप बरोबर लागतात. मध्ये राइट क्लिक करून शेप ट्वीन लावा. हिंटची गरजसुद्धा पडत नाही. फ्रेम बारा-तेराच्या आसपास थांबून पाहा. खरं पान आधी लांब होतं आणि मग रुंद होतं, असं तुमच्या फोटोंमध्ये दिसलं असेल. तिथे एफ६ देऊन की-फ्रेम करा आणि कडा थोड्या आत ओढून घ्या. या एका की-फ्रेमने पान फुग्यासारखं न फुगता उलगडतं.

पहिल्या फ्रेमला आकार अगदी टिंबाएवढा करू नका. बिंदू एकमेकांवर चढले की पुढे कड पिळते. लहानच दाखवायचं असेल तर सळी ठेवा आणि तो सिम्बॉल बाहेरच्या टाइमलाइनवर (फ्रेमच्या पट्टीवर) छोटा करून मोठा करा.

पानाच्या शिरा वेगळ्या लेयरवर काढा. साध्या ड्रॉइंग मोडमध्ये रंगावरून स्ट्रोक, म्हणजे रेघ, ओढला की तो रंगाचे दोन तुकडे करतो. दिसायला पान एकच दिसतं, पण ट्वीनला दोन आकार मिळतात आणि मधल्या फ्रेमला पान शिरेवर उभं फाटतं. 'पान मधूनच चिरतं' असं तुम्ही लिहिलं आहे, ते बहुतेक यामुळेच. शिरेच्या लेयरला पानाच्या लेयरच्याच फ्रेमवर की-फ्रेम द्या आणि ईझचा (ट्वीनचा वेग सुरुवातीला किंवा शेवटी मंदावणारा) आकडाही तोच ठेवा, म्हणजे शिरेचं टोक पानाच्या टोकाबरोबर चालतं. रंगाचंही तसंच: सुरुवातीला पिवळसर पोपटी, शेवटी गडद हिरवा. तो फरक ट्वीन स्वतः करतो. ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग) वापरत असाल तर दोन्हीकडे एकाच जातीचं, तितक्याच रंगांचं ठेवा.

पान तयार झालं की मुख्य टाइमलाइनवर ते खोडाच्या टोकाला ठेवा. प्रॉपर्टीजमध्ये ग्राफिकला 'प्ले वन्स' द्या, नाहीतर तीस फ्रेमनंतर पान पुन्हा सळी होऊन उघडायला लागेल. फ्री ट्रान्सफॉर्म टूलने मधली पांढरी गोल खूण देठावर आणा आणि क्लासिक ट्वीनने पान बाहेर फिरवा. आता आतला ट्वीन पान उलगडतोय आणि बाहेरचा त्याला वळवतोय. काट्यासारखं आखूड होणं संपलं. दुसरं पान म्हणजे याचीच आडवी उलटवलेली प्रत. ते मात्र पाच-सहा फ्रेम उशिरा सुरू करा आणि नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर ठेवा. दोन्ही पानं एकाच फ्रेमला उघडली की रोप कवायत करतंय असं वाटतं.

मूव्ही क्लिप या दुसऱ्या प्रकारच्या सिम्बॉलऐवजी ग्राफिक सिम्बॉल घ्यायला सांगतोय त्याचंही कारण आहे. टाइमलाइनवर पुढे-मागे सरकून पाहताना ग्राफिकच्या आतली हालचाल दिसते, मूव्ही क्लिपची दिसत नाही. वाढीचं काम फ्रेमफ्रेमला ताडून पाहावं लागतं, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

खोड ही सगळ्यात अवघड जागा, कारण कमान सरळ होणं म्हणजे जवळजवळ अर्धा फेरा. फिलने, म्हणजे भरीव रंगाने, काढलेल्या खोडाला दोन कडा असतात. दोन्ही आपापल्या वाटेने सरळ रेषेत निघतात, मध्ये एकमेकींना ओलांडतात आणि खोड कागदाच्या पट्टीसारखं पिळतं. तुमचं दुमडलेलं खोड हेच आहे. यावर माझा उपाय असा, की कोवळं खोड फिलने काढायचंच नाही. ते एका जाड स्ट्रोकने काढा, टोकं गोल ठेवा. एकच रेघ, म्हणून कडा ओलांडायचा प्रश्न नाही आणि जाडी कुठेही पातळ होत नाही. सुरुवातीला तीन पिक्सेल आणि शेवटी सहा दिलेत तर जाडीसुद्धा ट्वीन होते. रेघेला तीनच बिंदू ठेवा: मातीतलं बूड, कमानीचा माथा, आणि जिथे डाळिंब्या जोडलेल्या असतात ते टोक.

मग की-फ्रेम लावा. पहिलीत पूर्ण कमान, टोक खाली मातीत. दुसरीत कमान मातीबाहेर, टोक अजून खालीच बघतंय. तिसरीत टोक आडवं झालेलं, वाकलेल्या काठीसारखं. चौथीत तिरकं वर. पाचवीत उभं. पाच की-फ्रेम म्हणजे चार छोटे ट्वीन, आणि प्रत्येकात फरक थोडाच, म्हणून सरळ रेषेत सरकण्याचा दोष दिसत नाही. इथेही प्रत्येक की-फ्रेम आधीच्या की-फ्रेमवरूनच एफ६ने घ्यायची आणि सबसिलेक्शन टूलने बिंदू सरकवायचे. बुडाचा बिंदू पाचही की-फ्रेममध्ये त्याच जागी राहिला पाहिजे. ओनियन स्किन (मागच्या-पुढच्या फ्रेम फिकट दाखवणारी सोय) चालू ठेवा आणि खालचा निम्मा भाग हलत नाही ना ते तपासा. सगळी वाढ वरच्या भागात दिसली पाहिजे, खिळ्याची गोष्ट आठवा. डाळिंब्यांचा सिम्बॉल या टोकाबरोबर नेताना त्याच फ्रेमवर त्याला की-फ्रेम द्या आणि ईझ तोच ठेवा, नाहीतर डाळिंब्या खोडापासून सुटून हवेत तरंगतात.

मूळ सोपं आहे. निमुळतं, फिलने काढलेलं, फक्त टोक खाली जाणारं. तिथे हिंट उपयोगी पडतात, म्हणून त्या कशा लावायच्या ते इथेच सांगतो. ट्वीनची पहिली की-फ्रेम निवडून कंट्रोल-शिफ्ट-एच दाबलं की लाल गोलात 'ए' येतो. तो आकाराच्या कडेवर नेऊन ठेवा. मग शेवटच्या की-फ्रेमवर जा, तिथेही 'ए' दिसेल, तो जोडीच्या जागी ठेवा. दोन्ही बरोबर बसले की पहिल्या फ्रेममधला पिवळा होतो आणि शेवटच्यातला हिरवा. लाल राहिला म्हणजे तो कडेवर बसलेला नाही. स्नॅप टू ऑब्जेक्ट चालू करून चारशे टक्के झूमवर ठेवलात तर चटकन बसतो. क्रम घड्याळाच्या उलट दिशेने ठेवा: वर डावीकडून सुरू करून डावी कड उतरत खाली, मग उजव्या कडेने वर. दोन्ही की-फ्रेममध्ये क्रम तोच हवा. 'ए, बी, सी' एकीकडे आणि 'ए, सी, बी' दुसरीकडे झालं की आकार स्वतःला गाठ मारतो, तुमचं आणखी बिघडलं ते बहुधा असंच. 'ए' ते 'झेड' मिळून २६ हिंट लावता येतात, पण चारपेक्षा जास्त लागल्या तर मी तो तुकडा आणखी दोन लेयरमध्ये फोडतो. प्रत्येक ट्वीनच्या हिंट वेगळ्या असतात, हेही ध्यानात ठेवा. शेप ट्वीनच्या ब्लेंड या पर्यायात 'अँग्युलर' निवडलात तर कोपरे आणि सरळ कडा टिकतात, 'डिस्ट्रिब्युटिव्ह'मध्ये मधले आकार गुळगुळीत होतात. रोपासाठी दुसराच घ्या.

आता वेळ. १९२ फ्रेम तुम्ही समान वाटल्या होत्यात. मी अशा वाटेन: पहिल्या बारा फ्रेम नुसती माती आणि छेदात दिसणारी बी, काही हलत नाही, म्हणजे मुलांची नजर स्थिर होते. चाळीसपर्यंत बी फुगते, टरफल तडकतं, आदिमूळ बाहेर येतं. ऐंशीपर्यंत मूळ खाली आणि कमान वर, दोन्ही एकदम. शंभरच्या जवळपास माती फुटते. एकशे तीसपर्यंत खोड सरळ होतं. पण डाळिंब्या एकशे वीसलाच उघडायला लागतात आणि पानांची सळी एकशे पस्तीसला दिसते. एक गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू झाली पाहिजे. शेवटच्या पंधरा-सोळा फ्रेममध्ये नवी हालचाल ठेवू नका.

ईझच्या बाबतीत एक चूक फार जण करतात. प्रत्येक ट्वीनला शंभर ईझ देतात. मग प्रत्येक की-फ्रेमला रोप मंदावतं, थबकतं आणि पुन्हा झटक्याने निघतं, जणू पायऱ्या चढतंय. वाढीचा वेग सुरुवातीला कमी, मध्ये जास्त आणि शेवटी पुन्हा कमी असतो. म्हणून खोडाच्या चार ट्वीनपैकी फक्त पहिल्याला उणे सत्तर-ऐंशी द्या, मधल्या दोन्हींना शून्य, आणि शेवटच्याला अधिक सत्तर-ऐंशी. मधल्या की-फ्रेममधली अंतरं तुम्हीच अशी ठेवा की वेग सलग राहील.

शेंडा अगदी सरळ वर नेऊ नका. तुमच्या फोटोंमध्ये तो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे डुलत वर जाताना दिसेल. वाढणारा शेंडा हळूहळू गोल फिरतो, हे चार्ल्स डार्विनने मुलाच्या मदतीने असंख्य रोपांवर पाहून १८८० मध्ये पुस्तकात मांडलं. वालासारख्या वेलात ते फार ठळक असतं. दोन-तीन अंशांचा झोल दिलात तरी रोपात जीव येतो.

पुढे कधी वाल मांडवावर चढताना दाखवायचा झाला, तर लांब वेलासाठी शेप ट्वीन वापरू नका. तिथे पूर्ण वेल एका लेयरवर काढा, एफ६ देत पुढे जा आणि प्रत्येक फ्रेमला शेंड्याकडून थोडा थोडा खोडत या. शेवटी सगळ्या फ्रेम निवडून रिव्हर्स फ्रेम्स द्या, म्हणजे फ्रेमचा क्रम उलटतो आणि वेल बुडापासून चढत जातो. वेल स्वतःला जिथे आडवा ओलांडतो तिथे तो दोन लेयरवर घ्या. खोडलेलं टोक बोथट दिसतं, त्यावर कोवळ्या शेंड्याचा छोटा सिम्बॉल बसवून वेलाबरोबर पुढे न्या. बाजूची पानं प्रत्येक पेरावर, शेंडा तिथून सात-आठ फ्रेम पुढे गेल्यावर सुरू करा. पान शेंड्याच्या मागून येतं.

ट्वीन लावूनही टाइमलाइनवर बाणाऐवजी तुटक रेघ दिसली, तर त्या दोनपैकी एका की-फ्रेममध्ये सिम्बॉल, ग्रुप किंवा मजकूर राहिला आहे, नाहीतर एक की-फ्रेम रिकामी आहे. निवडून कंट्रोल-बी दाबून सुटा करा. आणि बिंदू फार झाल्याचं दिसलं तर मॉडिफाय, शेप, ऑप्टिमाइझ यातून ते कमी करता येतात, पण ते पहिल्या आकारावरच करा आणि मग की-फ्रेम घ्या. दोन्हीकडे वेगवेगळं ऑप्टिमाइझ केलंत तर पुन्हा जोड्या तुटतील.

वर्गात दाखवायची फीत एमपी४ म्हणून काढा. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झाला आहे, त्यामुळे त्यावर चालणारी एसडब्ल्यूएफ फाइल शाळेच्या संगणकावर उघडेल या भरवशावर राहू नका.

एक शेवटचं, टरफलाबद्दल. ते खोड सरळ होताना डाळिंब्यांवर तसंच राहू द्या, पाच-सहा फ्रेम थोडं कलू द्या आणि मग मातीवर पडू द्या. पडल्यावर ते लेयरवरून काढून टाकू नका. शेवटच्या फ्रेमपर्यंत रोपाच्या बुडाशी पडलेलं दिसू द्या, म्हणजे हे रोप कुठून आलं ते मुलांना शेवटच्या चित्रातही सापडेल.